बारकूतात्यांच्या पापण्या

कुणाशी बोलायचं झालं की बारकूतात्या आधी बोटाने डावी पापणी वर उचलायचे. समोरचा माणूस नीट बघून घ्यायचे, पापणी सोडायचे आणि मग बोलायला लागायचे. मी कळंबला राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मलाही असंच बघून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर दिसता." मी शिक्षक आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, ते मला अजून कळलेलं नाही.

तात्या माझे शेजारी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. दोन्ही पापण्या उतरलेल्या, डावी जरा जास्तच. त्यामुळे हनुवटी वर करून चालायचे. निम्मा गाव म्हणायचा तात्यांना गर्व चढलाय, निम्मा म्हणायचा झोप चढलीय. ग्रामसभेत हिशेब वाचता वाचता सरपंच एकदा म्हणाले, "तात्या, झोपलात काय?"

"जागा हाय रं. मधलं पान गाळलंस तू, ते वाच."

कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं गाजरं खा. तात्यांनी एकाच आठवड्यात कपाळाला तेल चोळलं, मीठ-मिरच्या उतरवून घेतल्या आणि गाजरंही खाल्ली. "ज्याचा गुण येयाचा त्याचा येवो." कशाचाच आला नाही. आला असता तरी कशाने आला, ते कळायची सोय नव्हती.

मग कर्जतच्या बाजारात बाजूने आलेली मोटरसायकल त्यांना दिसली नाही. कोपर फुटलं. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"संध्याकाळी पापण्या जास्त जड होतात? एकाचे दोन दिसतात?" बाईंनी विचारलं.

"दोन कुठले? हाय त्यो पण अर्धाच दिसतो."

बाईंनी पापणीवर बर्फाची पुरचुंडी ठेवली. "ताप नाय मला," तात्या कुरकुरले. स्नायू लवकर दमण्याचा एक आजार असतो, त्यात गार लावलं की पापणी थोडा वेळ वर येते, असं बाईंनी समजावलं. तात्यांची हलली नाही. मग पापणी बोटाने धरून त्यांना तक्ता वाचायला लावला. तात्यांनी खालची ओळसुद्धा वाचली.

"नजर उत्तम आहे. वयामुळे पापणी उचलणारा स्नायू सैल झालेला दिसतो. तरुणपणीचा फोटो आणा, तेव्हा कशा होत्या बघू."

परतताना तात्यांनी विचारलं, "नजर उत्तम हाय, मंग मला दिसत का नाय?" मी कळंब येईपर्यंत समजावत होतो. शेवटी मलाच शंका यायला लागली.

तात्यांकडे फोटो एकच, लग्नाचा. त्यातही पापण्या खालीच! बाई बुचकळ्यात पडल्या. "तेव्हापासून आहे हे?"

"नाय वो. नवी चप्पल चावत हुती तिला. तिच्या पायाकडं बघत हुतो."

बाईंनी फोटो जरा वेळ हातात धरून ठेवला.

ऑपरेशन पापण्यांपुरती भूल देऊन झालं. दोन्ही पापण्या सारख्या उचलल्यात का ते बघायला मध्येच त्यांना उठवून बसवलं, तेव्हा दाराबाहेर मला आवाज आला, "बाई, तुमी तर लय ल्हान हाय की वो!"

आता तात्यांना सगळं दिसतं. माझ्या दाढीचे राहिलेले केसही.

डोळे कोरडे पडू नयेत म्हणून बाईंनी महिनाभर थेंब टाकायला सांगितले होते. तात्या रोज पाचला बाटली घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि माझ्या बायकोपुढे मान मागे टाकायचे. "टाक गं पोरी." महिना संपला. दुसराही संपला. तात्या येतच राहिले. बाईंनी मुदत वाढवली असेल, असं मी धरून चाललो.

परवा बाटली मी हातात घेतली. आत थेंब नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोने माझ्या हातातून ती काढून घेतली. तात्यांच्या डाव्या डोळ्यावर दोनदा दाबली, मग उजव्यावर.

"झालं हां तात्या. आता थोडा वेळ डोळे मिटून बसा. चहा टाकते."

"बस्तो की," तात्या म्हणाले आणि डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.