तोफेच्या तोंडी

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना कोचावर बसवून पोहे खिलवणं निवृत्त हवालदार आकारामांना मिळमिळीत वाटलं. सगळी उमर फौजेत गेलेली. त्यांनी इचलकरंजीचे विजयसिंह, त्यांचा मुलगा यशराज आणि आपली अनुजा यांना गाडीत घातलं आणि थेट गडावर नेलं.

गडाची आता बाग झाली होती. पहाऱ्याच्या जागी बाकं, बाकांवर जोडपी. पण बुरुजावर तोफ होती. ती दिसताच आकारामांची छाती फुगली.

"आमचं पूर्वज ह्याच तोफंवर हुतं! गोळा असा ठासायचं की..."

"कुठवर जायचा, मामा?" यशराजनं जांभई दाबत विचारलं.

"ह्ये बघा!" म्हणत त्यांनी दंडापर्यंत हात आत घातला. मनगटावरचं घड्याळ आत कशात तरी अडकलं. हात बाहेर येईना.

शिट्टी फुंकत रखवालदार गुंडू धावला. "ओ पावणं, तोफंला हात लावायचा न्हाय! पाटी दिसंना व्हय?"

"लावला न्हाय रं, अडकलाय!"

खाली भज्यांचा गाडा लावणारी धोंडुबाई तेल घेऊन आली. शर्ट भिजला, हात तसाच. गर्दी जमली, मोबाइल वर झाले. यशराजची झोप आता पुरती उडाली होती; त्यानंही मोबाइल धरला.

"मामा, जरा हिकडं बघा की!"

गुंडूनं साहेबांना फोन लावला आणि हातोडा घेऊन आला. आकाराम कडाडले, "खबरदार! तीनशे वर्सांची तोफ हाय! माझा हात तोडा, पर तिला धक्का लावू नगा!"

"कसली तीनशे? बाग केली तवा बसवलीया. सिमिटाची हाय."

दोन घावांत तोफेचं तोंड फुटलं. आतल्या तारांच्या जाळीतून घड्याळ सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोललेल्या हाताकडं न बघता आकाराम खालचे तुकडे बघत राहिले.

"मग खरी कुठं हाय?"

"हुती का न्हवती, कुणाला ठावं?" गुंडू केरसुणी शोधायला गेला.

संध्याकाळी विजयसिंहांचा फोन आला. अनुजानं स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाय, पावणं. अट एकच. लग्नात तुमी पूर्वजांचं काय बोलायचं न्हाय."

आकारामांचा चेहरा उतरला. आपल्या बाजूनं कुणीतरी बोलावं म्हणून त्यांनी लेकीकडं पाहिलं.

अनुजा फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, "व्हय म्हणा की, पप्पा. आमी कवापास्नं ह्येच सांगणार हुतो."