उस्ताद रिफअत यांनी केलेली वाद्यपरीक्षा

वाद्याची परीक्षा करण्याचा अधिकार अनुभवाने मिळतो, आणि तो एकदा मिळाला की वाद्याला अपिलाची सोय राहत नाही. उस्ताद रिफअत शलबी यांना हा अधिकार मिळून एकोणतीस वर्षं झाली होती. कैरोत नाईलच्या काठाला बांधलेल्या एका तरंगत्या हॉटेलात ते दर गुरुवारी ऊद (जाळायचा नव्हे, वाजवायचा) वाजवत, आणि जेवायला आलेली मंडळी तो शांतपणे, म्हणजे तोंडात घास असताना, ऐकत.

त्या हिवाळ्यात हॉटेलचे मालक हाज मितवल्ली यांनी त्यांना बाजूला घेतलं. ऊदातून मधूनच खरखर येते, अशी तीन गिऱ्हाइकांची तक्रार होती.

"वाद्य थकलंय, उस्ताद," हाज अदबीनं म्हणाले. "पुढच्या गुरुवारपर्यंत नवं बघा. नाहीतर माझा भाचा आहेच, कीबोर्ड वाजवतो."

उस्तादांना ते तात्काळ पटलं. दोष वाद्यातच आहे हे ओळखायला अनुभव लागतो.

शनिवारी सकाळी ते मोहम्मद अली रस्त्यावर दमियानाच्या कारखान्यात हजर झाले. वडिलांमागे ही बाई एकटी ऊद बनवत होती, आणि सरसाचा वास तिच्या बोटांना कायमचा चिकटला होता. उस्तादांनी तिला परीक्षेची कार्यपद्धती समजावून सांगितली. आधी ऊदाच्या फुगीर पोटावर टिचकी मारायची. मग मधल्या नक्षीदार जाळीला नाक लावून लाकडाचं वय ठरवायचं (चाळीस-पन्नास वर्षं इकडेतिकडे). मग एक डोळा मिटून मान सरळ आहे का ते बघायचं, मग दोन्ही डोळे मिटून काही काळ नुसतं बसायचं. वाजवणं अगदी शेवटी. आधी वाजवून बघतात ते नवशिके.

चार दिवसांत उस्तादांनी एकेचाळीस ऊद तपासले. अक्रोडाचे सतरा, शिसवीचे चौदा, उरलेले किरकोळ. चहाचे पेले तेवीस. निष्कर्ष गंभीर होता. एकेचाळीसच्या एकेचाळीस ऊदांत, तिसऱ्या तारेवर, नेमक्या एकाच जागी खरखर होती.

तोच ऊद दमियानाने मांडीवर घेतला की आवाज स्वच्छ यायचा. याचंही स्पष्टीकरण उस्तादांकडे तयार होतं. वाद्य घरच्या माणसापुढे शहाण्यासारखं वागतं आणि गुण परक्यापुढे उधळतं. दमियाना मान डोलवून पुढचा ऊद आणायची.

बुधवारी दुपारी मात्र तिने मागच्या खोलीतून विजेचा ऊद काढला. त्याला पोट असं नव्हतंच. जेवणाच्या पाटाला तारा ठोकाव्यात तसा तो दिसत होता. वीज दिव्यांसाठी असते, हे उस्तादांचं मत साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. पण गुरुवार उद्यावर आला होता. त्यांनी नाइलाजाने तो घेतला, दमियानाने वायर जोडली, आणि खरखर अख्ख्या रस्त्याने ऐकली. समोरचा डफवाला आपलंच काही फाटलं की काय, म्हणून डोकावून गेला.

दमियानाने वायर काढली.

"उस्ताद, करंगळी दाखवा."

उस्तादांनी, का कोण जाणे, डावा हात पुढे केला. करंगळीचं शेवटचं पेर वाकडं झालं होतं. तिने ते दाबून पाहिलं. सरळ झालं नाही.

"बाबांचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "त्यांनी करंगळी सोडून दिली. सहा महिने शेजारच्या बोटावर सगळं पुन्हा बसवलं. बसतो हात."

उस्तादांनी त्या हाताने उजवी बाही चाचपली. या हिवाळ्यात उजव्या बाहीचं बटण रोज बायको लावून देत होती, ते त्यांना आत्ता जाणवलं. चोपन्नाव्या वर्षी सहा महिने पुन्हा सारेगम घोटायचं, तेही त्याच रस्त्यावर, चारचौघांत. मग अनुभव मदतीला धावून आला.

"हा विजेचा नको," ते म्हणाले. "राईचा पर्वत करतो."

त्यांनी निवडला तो शिसवीचा, तारांखालची फळी जाड असलेला, शिंपल्यांच्या नक्षीने जड झालेला ऊद. दोन वर्षं तो पडून होता, कारण त्याचा आवाज दोन खुर्च्यांपलीकडे जात नसे.

"खरखर यातही येईल, उस्ताद," दमियाना म्हणाली. "फक्त कुणाला ऐकू जाणार नाही."

"त्यालाच खानदानी आवाज म्हणतात, बाई."

गुरुवारी एकही तक्रार आली नाही. हाजनी पारख कशाला म्हणतात ते भाच्याला सर्वांसमक्ष सांगितलं, आणि कीबोर्डचा विषय मिटला. करंगळी अजून तिसऱ्या तारेवर पडते आणि खरखरते. ती ऐकणारा माणूस आता एकच उरला आहे, आणि तो डोळे मिटून वाजवतो. हल्ली ऊद घ्यायचा असला की लोक आधी त्याचाच सल्ला घेतात.

ही हकीकत (नावगाव गाळून) त्या रस्त्यावरच्या अकरा अनुभवी वादकांना सांगण्यात आली. अकराही जण पोट धरून हसले, आणि माणूस ओळखला म्हणून प्रत्येकाने हळूच कुणा दुसऱ्याचं नाव सांगितलं. सर्वांत जास्त नावं, म्हणजे तीन, खुद्द उस्ताद रिफअत यांनी सांगितली. वाचकांच्याही मनात एव्हाना एखादं नाव आलंच असेल. ते त्यांचं स्वतःचं नाही, एवढी नोंद आम्ही घेतली आहे.