हिनाची रोजची चूक

पेणच्या रामवाडीतली हिना लांब उडीची खेळाडू. पण ऐन वेळी ती उडीच मारायची नाही. जोरात धावत यायची आणि पाय फळीवर नेमका पडणार नाही असं वाटलं, की तशीच वाळू तुडवत पुढे निघून जायची. गेल्या वर्षी रोह्याच्या स्पर्धेत तिन्ही संधी अशाच गेल्या. तिच्या नावापुढे नुसत्या फुल्या उरल्या.

तिच्या सुशील सरांना ते फार लागलं. खेळाडूंच्या मनाची तयारी शिकवणारं चार दिवसांचं शिबिर करून ते आले आणि म्हणाले, "आजपासून रोज मुद्दाम एक चूक करायची. चुकलं तरी आभाळ कोसळत नाय, हे मनाला कळू दे."

आठवड्याने हिनाची आई शरीफा मैदानावर हजर. "सर, काय शिकवलंत हे? पोरीनं चहात मीठ घातलं. बरं, तेही चमचा सपाट करून! आजोबा गपगार पिऊन गेले, तर ही रडत बसली, चूक नीट झाली नाय म्हणून."

सरांनी हिनाची वही मागितली. सात दिवस, सात चुका, पट्टीने आखलेले रकाने. मधलं एक पान फाडलेलं.

"त्यात खाडाखोड झाली होती," हिना म्हणाली.

सरांनी वही मिटली. शिबिरात यावर काही सांगितलं नव्हतं.

यंदा रोह्यात पहिल्या दोन संधींना ती पुन्हा वाळू तुडवून आली. तिसरीच्या आधी सर तिला पाणी द्यायला धावपट्टीवर गेले आणि धाव सुरू करायच्या जागी तिने मोजून ठेवलेला रुमाल त्यांच्याच पायाने सरकला. घाईघाईत त्यांनी तो अंदाजाने परत ठेवला. तेवढ्यात पंचांनी नाव पुकारलं. सांगावं, तर पोरगी मोजत बसणार आणि वेळ संपणार. सर तसेच बाजूला होऊन उभे राहिले.

हिना धावली. पाय फळीच्या चांगला वीतभर अलीकडे पडला. आणि ती उडाली! चार मीटर बासष्ट. दुसरा नंबर, पुढच्या स्पर्धेसाठी निवड.

"हिना, तुझा रुमाल माझ्या पायानं सरकला होता गो," सर कसेबसे म्हणाले.

"माहीत हाय सर. बघितलं मी."

"मग परत मोजलं का नाय?"

"तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, आज उडाले नाय, तर सर वर्षभर स्वतःलाच बोल लावत बसतील. त्या नादात पाय कुठं पडला ते बघितलंच नाय."

मैदान रिकामं झालं. शरीफा रिक्षात बसून हाका मारू लागली, तरी सर धावपट्टीवर उकिडवे बसून टेपने मोजत होते.

"नेमका किती सरकला होता, तेवढं बघतो. थांब, टेप सैल धरली गेली, पुन्हा एकदा..."

हिनाने त्यांच्या हातातून टेप काढून घेतली, गुंडाळली आणि म्हणाली, "सर, चला. पेणची गाडी सुटंल."