नोएलीनच्या दारावरचं हिरवं कडं

यंदाच्या नाताळात आपल्यासारखं दार अख्ख्या कुरिंग गावात नसेल, असं नोएलीननं ऑक्टोबरातच जाहीर करून टाकलं होतं. दारावर कडं लावायचं, पण दुकानातलं प्लास्टिकचं नव्हे, जिवंत रोपांचं. तारेचं रिंगण, त्यात ठासलेलं ओलं शेवाळ आणि शेवाळात खोचलेली गुबगुबीत पानांची सक्युलंट रोपं.

"एवढी रोपं कुठून आणणार?" नेव्हिलनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, विचारलं.

"येतील."

आली. एक तिचं स्वतःचं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत एका पानापासून वाढवलेलं. बाकीची आठ संध्याकाळच्या फेरीत मिळाली. तिचा कुत्रा बिस्किट कुणाच्याही कुंपणाशी पाय वर करायचा, की नोएलीन कात्री घेऊन खाली वाकायची. कुत्र्यानं आणि मालकिणीनं इतक्या एकदिलानं काम केल्याचं कुरिंगात दुसरं उदाहरण नव्हतं. चोरलेलं रोप जोमानं वाढतं हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, तेव्हा तिला त्यात पाप वगैरे वाटलं नाही. टोचत होतं ते एकच, बेरिलबाईंचं.

बेरिलबाई ऐंशीच्या. त्यांच्या पायरीवर काळ्या-जांभळ्या गुलाबासारखं एक रोप होतं, वारलेल्या नवऱ्याच्या, आर्थरच्या वेळचं. त्याची कांडी त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. नोएलीनला तीनदा नाही म्हटलं होतं. मात्र दर शुक्रवारी त्या तिच्याच गाडीतून बाजारात जायच्या, आणि गिअर कसा टाकतेस म्हणून वाटभर तिला बोलायच्या. आई गेल्यापासून नोएलीनला इतकं हक्कानं बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तरीही चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. कापलं.

सहा आठवडे कडं आडवं ठेवल्यावर रोपांनी मूळ धरलं, आणि डिसेंबरात, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, ते पुढच्या दारावर चढलं. दुसऱ्याच दिवशी बागमंडळाच्या ग्लेनिसचा फोन.

"अगं, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि हॉलचा एसी बंद पडलाय. शनिवारचा नाताळचा चहा तुझ्याकडे ठेवलाय. आम्ही आठ जणी आहोत. बेरिलबाईही येतायत."

म्हणजे कात्री लागलेली आठही कुंपणं घरी येणार होती. कडं उतरवावं, तर नेव्हिलनं ते असं स्क्रूनं आवळलं होतं की दार निघालं असतं, कडं नाही. मग तिला आठवलं, कुरिंगात पुढच्या दारानं येतं कोण? पोलीस नाहीतर पाद्री. घरची माणसं बाजूच्या फाटकातून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून थेट स्वयंपाकघरात येतात. ती निर्धास्त झाली.

शनिवारी तीनला ती मागच्या दारात उभी राहिली. कुणी येईना. इतक्यात घरात कसलीशी किणकिण झाली. पुढच्या दाराच्या घंटेचा आवाज असा आहे, हे तिला या घरात येऊन अकरा वर्षांनी कळत होतं.

नेव्हिल भांग पाडून उभा होता. "फाटकाला साखळी घातलीय मी. पुठ्ठ्यावर बाणही काढून लावलाय. इतकं छान केलंयस, आणि सगळ्या मागून आल्या तर बघणार कोण?"

तीस वर्षांत त्यानं तिच्या कशालाही छान म्हटलं नव्हतं. नेमका मुहूर्त हा शोधला.

तिनं दार उघडलं. आठ जणी चष्मे चढवून ओळीनं उभ्या. दाराबरोबर कडं आत सरकलं, तशा आठ माना त्याच्यामागून आत वळल्या.

"हे माझ्या पत्रपेटीखालचं," ग्लेनिस म्हणाली. "आणि मी महिनाभर गोगलगायींना विष घालतेय."

कुणी हसेना. सगळ्या बेरिलबाईंकडे बघत होत्या. त्या काठी टेकत पुढे आल्या आणि जांभळ्या गुलाबाला त्यांनी बोट लावलं.

"बेरिलबाई, मी…"

"वरून कापलंस."

"हो."

"वरून कापतात का कधी, पोरी? दोन पेरं खाली, तिरकं कापायचं. मी तर रखवालदार समोर असताना घाई केली नव्हती. आर्थरनं आडोशाला छत्री उघडून धरली होती."

"कसला रखवालदार?"

"शहरातल्या मोठ्या बागेतला. काचघराच्या आत, लख्ख उन्हात हा छत्री उघडून उभा." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून कुणाला देत नव्हते गं. कुठून आणलं म्हणून विचारलं असतं, तर काय सांगायचं? चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचा आर्थर."

मग ग्लेनिसनं खाकरून पत्रपेटीखालच्या रोपाचा उगम सांगितला. तो शाळेच्या आवारात होता. चहा होईतो आठही रोपांची कुळं निघाली, आणि एकही घरंदाज नव्हतं. सहापर्यंत कुणी उठलं नाही.

"शुक्रवारी दहाला ये," सगळ्यांच्या मागून निघताना बेरिलबाई म्हणाल्या. "आणि गिअर नीट टाक."

उन्हं उतरल्यावर नोएलीन कड्याला पाणी घालायला गेली. आठही रोपं जागच्या जागी होती. आपलं म्हणून कुणी परत नेलं नव्हतं. फक्त खालच्या बाजूला एक बोडकं देठ उभं होतं. तिथं तिचं स्वतःचं, खिडकीत एका पानापासून वाढवलेलं रोप होतं.

तिनं वाकून देठ पाहिलं. काप तिरका होता. दोन पेरं खाली.

"वाढणार आता मेलं जोमानं," नोएलीन पुटपुटली, आणि संध्याकाळच्या फेरीसाठी कात्री शोधायला आत गेली.