खाकरायचं न्हाय

शाळेत रुजू झालो त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत एक पन्नाशीचे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून ओठ फडफडवत होते. किक मारूनही चालू न होणाऱ्या गाडीसारखा आवाज. यांना झटका आलाय असं वाटून मी पाण्याचा ग्लास घेऊन धावलो. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "गार हाय. कोमट आणत जावा."

हे चौगुले सर, गणिताचे. गळा तापवल्याशिवाय खडूला हात लावत नसत. "पैलवान दंड-बैठका मारल्याबिगर आखाड्यात उतरतोय व्हय? मग मास्तरानंच का उतरायचं?" वर्गात दंगा झाला तर ओरडणं नाही; तीन टाळ्या वाजवायचे, पोरंही तीन वाजवून गप्प बसायची. कुणी घसा खाकरला, की सरांची मान गर्रकन वळे. "खाकरायचं न्हाय. घोट घ्या."

एकदा तपासणीला आलेले साहेब भाषणात खाकरले. सर उठले, थर्मासमधलं पाणी त्यांच्यापुढं ठेवलं. "पावणं, घोट घ्या." मुख्याध्यापक पांढरेफटक पडले. साहेबांनी निमूट घोट घेतला.

मी शिरोळकडचा. उसाच्या फडाच्या एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला हाक मारत वाढलेला. इतिहासही तसाच शिकवायचो. फेब्रुवारीत आवाज बसला, तो तीन आठवडे उठेना. मी कुजबुजत शिकवू लागलो. सर दारात उभे. "कुजबुजून गळ्याला आणखी ताण देतायसा. बसा गाडीवर."

डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन गाठी.

"साध्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "विश्रांती आणि व्यायामानं जातील. वेळेत आलात."

माझ्या आधी सरांनीच डोळे पुसले. मला काही कळेना.

व्यायाम शिकायला मार्चच्या एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद. उकाड्यानं जीव जायची वेळ. मी बटणाकडं हात नेला, तो सरांनी धरला. "ऱ्हाऊ दे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले. कागद कागदावर घासावा तसं काहीतरी ऐकू आलं.

"बसा म्हणत्यात," सर म्हणाले. "पहिलीच्या वर्गाला शिकवायची. पत्र्याची शाळा, पावसाळ्यात ओरडल्याबिगर ऐकू जायचं न्हाय. दोन वर्षं हिचा आवाज बसलेला. मी म्हणायचो, हळद-दूध घे आन् जा. डॉक्टरकडं नेलं तवा उशीर झालता."



बाई काहीतरी सांगू लागल्या. चारांतला एखादा शब्द मला कळत होता. सर घामानं निथळत, श्वाससुद्धा हळू घेत ऐकत होते. मधेच ते खुदकन हसले. काय झालं ते मला कळलं नाही.