गाडीतला पिवळा दिवा

कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून ही हकिकत मी एकट्यादुकट्याला कधीच सांगत नाही. चार माणसं जमली की मगच सांगतो. एकाला नाही पटली तर दुसऱ्याला पटते. परवा चिकलठाण्यात आमच्या ओट्यावर सांगितली, तीच इथं उतरवतो आहे. पदरची भर एका शब्दाचीही नाही.

दुष्काळाचं साल होतं. तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात एवढ्यावरून कोणतं साल ते कसं कळायचं? तर ज्या साली नळाला नुसतीच हवा यायची आणि आमच्या गल्लीतल्या बाया त्या हवेवर ज्वारी उफणून घ्यायच्या, ते साल. शहर मात्र तेव्हाही वाढतच होतं. सकाळी ज्या रानात शेळ्या सोडाव्या, तिथं संध्याकाळी इमारत उभी असायची. आमची एक शेळी अशीच तिसऱ्या मजल्यावर राहून गेली. लिफ्टनं खाली आणली तिला.

त्याच साली मी जुनी मोटार घेतली. तिला तहान फार. म्हणून पाण्याचा एक कॅन मी कायम मागच्या सीटवर ठेवायचो. एक दिवस वाळूजच्या रस्त्यावर इंजिन तापलं. कॅन उचलून बघतो तर रिकामा. शेजारी मंजुळाबाई, म्हणजे आमच्या घरच्या, शांतपणे बाहेर बघत बसलेल्या.

"यातलं पाणी कुठं गेलं?"

"शेळीला पाजलं."

"अगं, गाडीचं पाणी शेळीला?"

"शेळी दूध देती. तुमची गाडी काय देती?"

गाडीनं तेवढ्यात धूर दिला आणि इंजिन जाम झालं.

तिथल्याच बद्रीनाथ मिस्त्रीनं ते सगळं उतरवलं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, हेडचं काम नवं. जुना म्हणून हॉर्न तेवढा उरला. चावी फिरवली की गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. त्या आनंदात मी मेहुण्याला, पिशोरच्या कडूबाला, गॅरेजमधूनच फोन लावला. त्याच्या पोरीचं, प्रेरणाचं, लग्न तोंडावर आलं होतं.

"कडूबा, नवरीसाठी गाडी ठरवू नको. पोरगी सासरी जाईल ती माझ्या गाडीत."

"दाजी, नक्की का? व्याही लई टेचातले हायेत. नवरीच्या आधी गाडी बघत्याल."

"बघू दे की. डोळे दिपतील त्यांचे."

कडूबा भोळा. त्यानं ठरवलेली गाडी त्याच दिवशी नको म्हणून सांगून टाकली. आणि मी घराकडं निघालो, तर स्टेअरिंगपुढच्या काचेत दिवा लागला. पिवळा. इंजिनाच्या चित्राचा.

मंजुळाबाईंनी दिवा पाहिला आणि हुकूम सोडला, "ह्यो दिवा विझल्याबिगर माझी भाची ह्या गाडीत बसायची नाय."

म्हणजे दिवा विझला नाही तर नवरी मांडवात उभी आणि माझी अब्रू व्याह्यांच्या पायाशी.

बद्रीनाथनं स्टेअरिंगखाली एक मुठीएवढं मशीन लावलं. "काका, मशीन म्हणतंय हवेचा सेन्सर धुळीनं घाण झालाय." त्यानं तो साफ केला. दिवा गेला. मी शीळ वाजवत घरी आलो, तर मंजुळाबाई फाटकात भंडाऱ्याची वाटी घेऊन उभ्या.

आमच्यात रीतच आहे. नवी वस्तू आली, नाहीतर जुनी दुरुस्त झाली, की खंडोबाचा भंडारा उधळायचा, मग वापरायची. मेंढरावर उधळतात, विहिरीवर उधळतात, जावयावरही उधळतात. मग इंजिनानं काय घोडं मारलं?

"बॉनेट उघडा," मंजुळाबाई म्हणाल्या. "आन गाडी चालूच ठिवा. जित्या इंजिनावर पडला पायजे."

मूठभर उधळला. दुसऱ्या दिवशी दिवा हजर.

"बघा," त्या म्हणाल्या, "पिवळाच लागलाय. देव म्हणतोय, एवढ्यानं काय व्हतंय?"

मी पुन्हा वाळूजला. बद्रीनाथनं पुन्हा साफ केलं, दिवा गेला, आणि घरी ओंजळभर भंडारा उधळला गेला. दिवा परत. मी पुन्हा वाळूजला. या खेपेला मंजुळाबाईंनी परात काढली.

बद्रीनाथ वैतागला. "काका, गाडी माझ्यापाशी असली की धडधाकट असती. तुमच्या घरी गेली की आजारी पडती. घरात भांडणं हायेत का?"

"भांडणं आहेत. पण त्यात गाडी नसते."

लग्न अगदी जवळ आलं. मी विचार केला, दिवा विझत नसेल तर नसो, झाकता तर येतो. गुलमंडीच्या बाजारातून काळ्या टिकल्यांचं पाकीट आणलं, त्यातली मोठी टिकली नेमकी दिव्यावर चिकटवली. अंधार झाला. मंजुळाबाईंना म्हणालो, "या, बघा, गेला दिवा."

त्या आत बसल्या. समोर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आमच्या घरच्या लग्नापासून कुंकू लावतात. टिकली त्यांच्या कपाळाला कधी शिवलेली नाही.

"ही कोणाची?"

"काय?"

"टिकली. माझ्या जागेवर कोण बसली व्हती?"

"अगं, कोणी नाही. मीच विकत आणली."

"व्हय? कोणासाठी?"

आता बघा, खरं सांगावं तर दिव्याची लबाडी उघडी पडते, आणि न सांगावं तर कडूबा काठी घेऊन पिशोरहून निघतो. मी डोळे मिटले आणि टिकली ओढून काढली. खालून दिवा झगमगला.

मंजुळाबाईंचा जीव भांड्यात पडला. गाडी बिघडलेली पाहून एवढी खूश झालेली बाई मी जन्मात पाहिली नाही. नवरा नुसता लबाड निघाला, बाकी काही नाही, या आनंदात त्यांनी धावत जाऊन भंडारा आणला, आणि मला बॉनेट उघडायला लावून सगळा डबाच उपडा केला.

गाडी ठसकली, शिंकली आणि बंद पडली.

बद्रीनाथला घरी बोलावलं. त्यानं या वेळी हवेच्या फिल्टरचा डबाच उघडला आणि आत बघतच राहिला.

"काका, ह्यात कढी केली व्हती का?"

फिल्टर हळद लागलेल्या नवरदेवासारखा बसला होता. चालू इंजिन श्वास घेतं, आणि आमचं इंजिन इतके दिवस भंडारा ओढत होतं. बद्रीनाथनं माझ्याकडं पाहिलं, मी मंजुळाबाईंकडं पाहिलं. सांगायचं कोणी? बद्रीनाथ पाना शोधायला म्हणून गाडीखाली गेला तो बाहेरच येईना.

शेवटी मीच म्हणालो, "देवाला भंडारा पोचतो गं. पण हवेच्या नळीतून नाही पोचत."

मंजुळाबाईंनी विचार केला. "मंग आदी नाय सांगायचं? झाकण लावून उधळला असता."

नवा फिल्टर बसला. झाकणावर भंडारा पडला. दिवा गेला तो गेलाच. लग्नाच्या दिवशी पिशोरच्या मांडवापुढं गाडी उभी केली, तेव्हा व्याही खरंच आधी गाडीकडं बघत होते.

अक्षता पडल्या, जेवणं झाली, नवरीची पाठवणी आली. मी गाडी चालू केली. आणि कडूबाला अभिमानाचं भरतं आलं.

"पाव्हणं, दाजींचं इंजिन बघा. समदं नवं हाये," म्हणत त्यानं बॉनेटच उघडलं. मागं सगळी भावकी उभी, प्रत्येकाच्या मुठीत भंडारा. मी "थांबा" म्हणेपर्यंत येळकोट झाला. गाडी दिसेना, कडूबा दिसेना. दिसत होता तो फक्त काचेतला पिवळा दिवा.

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर तिथंच संपली असती. पण माझी गाडी! ती जी उसळली, ती पिशोर मागं टाकूनच खाली टेकली. मागच्या सीटवर प्रेरणा, शेजारी तिची आत्या. मागं धुळीऐवजी हळदीचा लोट. वाटेतल्या तीन गावांतल्या पोरांना घरबसल्या हळद लागली, त्यातल्या दोघांची पुढच्याच महिन्यात लग्नं झाली. आणि प्रेरणाच्या सासरच्या वेशीत शिरतो तर काय, अख्खं गाव सामोरं आलेलं. बायांच्या डोक्यावर हंडे, पोरांच्या हातात कळशा, म्हातारे काठ्या टाकून पळत येतायत. कोण आनंद एकेकाच्या तोंडावर! मोटारीचं असं स्वागत उभ्या जिल्ह्यात कधी झालं नसेल.

ओट्यावर बसलेला शेजारचा रामप्रसाद म्हणाला, "हंडे भरलेले होते का रिकामे?"

"रिकामे," मी म्हणालो. "त्यांच्याकडं तशीच पद्धत आहे."

तेवढ्यात आतून चहा घेऊन प्रेरणा आली. त्या दिवशीची नवरी. दोन दिवस आत्याकडं राहायला आलेली. तिनं सगळ्यांच्या हातात कप दिले, शेवटचा माझ्या हातात दिला आणि ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मामा, तुमची गाडी मांडवातच बंद पडली. मी पाण्याच्या टँकरमधी डायवरशेजारी बसून सासरी गेले, अजून मला तिथं टँकरवाली वहिनी म्हणत्यात. गाव धावलं ते टँकरला बघून. तुम्ही मागं दोरानं बांधलेल्या गाडीत बसून समद्यांना नमस्कार करीत व्हता."