परबकाका भेटायला जातात

आमच्या समोरच्या दारातले परबकाका दुकानांना भेटायला जातात. खरेदीला नाही हं. एखाद्या घरी माणूस गेलं की आपण भेटायला जातो ना, तसे. मुलुंड पूर्वेला स्टेशनपासून आमच्या ‘सुखदा’ सोसायटीपर्यंतच्या रस्त्यावर एखादं दुकान कायमचं बंद झालं, एखादी इमारत पाडायला काढली, की काका कपाटातला पांढरा बुशशर्ट घालतात, डब्यात पिठलं-भात भरून घेतात आणि निघतात. ज्या घरात माणूस गेलंय तिथे चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भात. आता दुकानात कसली आलीय चूल? पण हे काकांना कोण विचारणार!

मला हा प्रकार पहिल्यांदा कळला तो मिश्राजींच्या पिठाच्या गिरणीत. त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि मी शेवटचं दळण आणायला गेले होते. तेवढ्यात काका आले. पालथ्या डब्यावर बसले. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “कसा काय झाला?”

“नोटीस आया साब, बिल्डर का,” मिश्राजी म्हणाले.

“त्रास नाय मा झालो?”

“किसको?”

“चक्कीला.”

मला वाटलं, आता मिश्राजी हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी चक्कीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “आखिर में पट्टा घिस गया था. दो दिन बहुत आवाज करती रही.”

“म्हणजे झालोच थोडो त्रास,” काकांनी मान हलवली. “शेवटाक जवळ कोण होता?”

“मैं ही था, और कौन?”

“मग बरा झाला. जवळ आपला माणूस होता.”

दहा मिनिटं बसून काका उठले आणि एक शब्द न बोलता चालायला लागले. मी हसू दाबत पिठाचा डबा उचलला, तर मिश्राजी उभ्या उभ्या काकांचं पिठलं खात होते. मी हसायचं सोडून दिलं, आणि घरी येऊन मात्र नवऱ्याला नक्कल करून दाखवली. खोटं कशाला बोलू?

टायपिंग इन्स्टिट्यूटच्या गोखलेसरांकडे तर भांडणच व्हायची वेळ आली होती. पांढऱ्या शर्टातले काका दारात येऊन गप्प उभे राहिलेले बघून सर उखडले, “अहो परब, मी जिवंत आहे!” काका म्हणाले, “तुमच्यासाठी नाय आलंय. मशिनींसाठी आलंय.” यावर सर त्यांना आत घेऊन एकेका मशीनबद्दल तासभर बोलले, असं त्यांनीच मला सांगितलं. त्यांची तक्रार एकच होती. “तासभर बसला हा गृहस्थ, पण जाताना साधं ‘येतो’ म्हणाला नाही. काय हे!” आता सरांना मी काय समजावणार? भेटायला गेलं की निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. परत असल्या कामासाठी त्या घरी यायला लागू नये म्हणून.

एकदा काका मॉलमध्ये गेले. ज्या थिएटरच्या जागी तो मॉल झालाय ते पडून कित्येक वर्षं झाली होती, आणि ते पडलं तेव्हा काका भांडुपच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून आता गेले. सिक्युरिटीवाल्याला विचारलं, “इथे घरचं कोण आहे?” त्याने त्यांना लॉस्ट अँड फाऊंडच्या काउंटरवर नेऊन बसवलं. मी म्हटलं, “काय हो काका, इतक्या वर्षांनी कोण भेटायला जातं?” तर म्हणाले, “उशीर झालो तरी चलता गो. माणसां वाट बघतत.” कुठली माणसं? थिएटरची? मी कपाळावर हात मारला.

तर हे सगळं गमतीगमतीत चाललं होतं, आणि मग आमची सुखदाच पाडायची ठरली.

सुखदा तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. गेल्या चार वर्षांत त्या दोनदा खाली उतरल्या, दोन्ही वेळा खुर्चीत बसून, हॉस्पिटलला जायला. खिडकीतून रस्ता बघतात आणि मला विचारतात, “तो भाजीवाला अजून बसतो का गं?” भाजीवाल्याच्या जागी आता केकचं दुकान आहे, पण त्यांना खिडकीतून तेवढं वाकता येत नाही. त्यामुळे रिडेव्हलपमेंट म्हटलं की मला आधी लिफ्ट दिसायची. आम्ही नवीन इमारतीत जाईपर्यंत त्या असतील का, हा विचार मी मुद्दाम करत नव्हते.

जनरल बॉडी मीटिंगची नेहमीप्रमाणे वाट लागली. तळमजल्याच्या देशपांडेबाई त्यांच्या अंगणातल्या अबोलीसाठी रडल्या. कुणी म्हणालं, मुलुंडची मजाच गेली, आता ओळखीचं कोणी भेटत नाही. तेव्हा आमचे सेक्रेटरी कांबळे उठले. कांबळे कधी आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, “ज्यांचं जुनं चांगलं होतं त्यांनी जरूर रडावं. माझे वडील जालन्याहून आले, आम्ही नऊ जण एका खोलीत वाढलो, पाण्यासाठी रांगेत उभं राहिलो की लोक आपली बादली लांब सरकवायचे. मला जुन्याचं काही कौतुक नाही. माझ्या मुलीला अभ्यासाला स्वतःची खोली पाहिजे, बस.” मला ते शंभर टक्के पटलं. आणि देशपांडेबाईंची अबोलीही पटली. माणसाने काय करावं अशा वेळी?

परबकाका कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं, जुन्याचा एवढा पुळका असलेला माणूस, हा आता सही देणार नाही. काकांनी पेन मागितलं आणि पहिली सही केली. “पाडा की! मी खंय नको म्हणतंय?”

आणि घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा हेच काका हलेनात. अख्ख्या सुखदात खोकी बांधायला सुरुवात झाली, दोन मजले रिकामे झाले, आणि काकांनी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढलं नाही. बिल्डरचा माणूस येऊन गेला, कांबळे दोनदा येऊन गेले. काका चहा द्यायचे आणि म्हणायचे, “मी हय रवतलंय.” एक जरी घर भरलेलं असलं तरी इमारत पाडता येत नव्हती. सगळ्यांचं सगळं एका माणसापाशी अडलं होतं. कांबळे मला म्हणाले, “ताई, वकिलाची नोटीस पाठवायला सांगतायत लोक. मला त्या म्हाताऱ्या माणसाला नोटीस पाठवायची नाहीये. तुम्ही समोर राहता, तुम्ही एकदा बोलून बघा.”

मी तावातावानेच गेले. सासूबाईंच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली, म्हटलं, “काका, तुम्हाला दगड-विटांचा कळवळा आहे, जिवंत माणसाचा नाही का? सही तुम्हीच केलीत ना सगळ्यांत आधी?”

काकांनी मान खाली घातली. “माका सगळा कळता गो नीता. पण माणसां येवची आसत.”

“कोण माणसं?”

“भेटूक.”

“कुणाला?”

“सुलभा गेली ना,” ते म्हणाले. “सगळे म्हणाले होते, गाड्या चालू झाल्या की येतो. तिची बहीण म्हणाली. कारखान्यातले म्हणाले. भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या. माणसां आली आणि इथे घरच नाय, तर कुणाला भेटतील? नवीन पत्ता कुणाकडे आसा?”

मी तशीच उठले आणि घरी आले. दार लावलं आणि आतूनच दाराला टेकून उभी राहिले.

सुलभाकाकू पहिल्या लॉकडाऊनमध्ये गेल्या. मूलबाळ नव्हतं, दोघंच. ताप आला, श्वास लागला, आणि दुपारी प्लास्टिकचे झगे घातलेली माणसं त्यांना न्यायला आली. मग हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलातूनच परस्पर. काकांना दोन आठवडे घरातच बंद करून ठेवलं होतं. आम्ही काय केलं? दारासमोर स्टूल ठेवून त्यावर जेवणाचा डबा ठेवायचा, बेल दाबायची आणि पळायचं. फोनवर “काका, काळजी घ्या.” मग सगळं सुरू झालं, शाळा, ऑफिस, हळदीकुंकू, आणि भेटायला जायचं ते राहून गेलं. महिना झाल्यावर वाटलं, आता कसं जायचं. सहा महिन्यांनी वाटलं, आता कशाला उगाच जखम उकरायची. त्यानंतर रोज जिन्यात भेटतो, मेथीची भाजी देतो-घेतो, पण ते कोणी केलं नाही. मी नाही, नवऱ्याने नाही, सुखदातल्या एकाही माणसाने नाही. आणि हा माणूस पांढरा शर्ट घालून पिठाच्या गिरणीला विचारत फिरत होता की शेवटाला जवळ कोण होतं. मी त्याची नक्कल करून दाखवली होती. मला माझीच लाज वाटली.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाल्या, “माझी पांढरी साडी काढ. ती निळ्या काठाची.”

दोन दारांमध्ये आठ पावलं आहेत. वॉकर घेऊन सासूबाईंना पाच मिनिटं लागली. काकांनी दार उघडलं आणि गोंधळले. “काय गो? आजी कशाक इल्या?”

“भेटायला आलोय, काका.”

मग त्यांनी लगबगीने सतरंजी आणली, सासूबाईंसाठी खुर्ची पुढे केली, आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसले. सासूबाई म्हणाल्या, “कसं झालं हो?”

आणि काकांनी सांगायला सुरुवात केली. सकाळच्या चहापासून. सुलभाकाकूंनी अर्धाच चहा घेतला, उरलेला बशीने झाकून ठेवला, मागाहून पिते म्हणाल्या. मग ताप किती, गोळी कुठली, कोणाला फोन लावला, कोणी उचलला नाही, अँब्युलन्सला किती वेळ लागला. एकही गोष्ट विसरले नव्हते. अशा वेळी माणसं जशी सांगतात, तसं सगळं सांगत होते, आणि मध्येच थांबून “नाय, त्याच्या आधी” म्हणून मागे जात होते. इतकी वर्षं ते सगळं तोंडपाठ ठेवून बसले होते, कोणी विचारेल म्हणून.

सांगता सांगता ते जिन्यापर्यंत आले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, “काका, मी तेव्हा दारामागे होते. आवाज ऐकला आणि मी आतून कडी घातली. वरचीपण घातली.”

“माका म्हायत आसा,” काका म्हणाले. “कडीचा आवाज आला ना.”

“मग कधी बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? घरात म्हातारं माणूस होतं तुझ्या. मीपण घातली असती.” ते सासूबाईंकडे वळले. “सुलभाने पण ऐकली कडी. ती माणसं जरा मोठ्याने बोलत होती, स्ट्रेचर वळत नव्हता जिन्यात. तर तिने हात वर केला आणि त्यांना म्हणाली, ‘हळू बोला रे. समोर आजी निजल्या आसत.’ घरातून जाताना तेवढंच बोलली. माझ्याशी काय बोलली नाय.”

मी रडायला लागले. लाजबिज काही वाटली नाही.

सासूबाईंनी वाकून काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, “मी निजले नव्हते हो, परब. मी जागी होते. सुलभाचा आवाज मी ऐकला. हिला म्हटलं, दार उघड. मग मलाच भीती वाटली आणि मी परत म्हटलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी कांबळेंना सांगितलं. ते ऑफिसला जायचे ते थेट वर आले, बूट बाहेर काढून, आणि अर्धा तास बसले. मग देशपांडेबाई, मग भाड्याच्या घरी गेलेले दोन्ही मजल्यांवरचे लोक एकेक करून आले. मी काकूंच्या बहिणीचा नंबर शोधून फोन केला, ती कुडाळहून आली आणि तीन दिवस राहिली. प्रत्येकाला काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, बशीने झाकलेल्या चहापासून. सांगून सांगून त्यांचा आवाज बसला. बहीण गेली त्या संध्याकाळी त्यांनी आमची बेल दाबली आणि विचारलं, “तुमच्या टेम्पोत माझं एक कपाट मावात काय?”

आम्ही निघालो त्या सकाळी सासूबाईंना पुन्हा खुर्चीत बसवलं. नवरा, कांबळे आणि टेम्पोची दोन माणसं, चौघांनी उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली आणि ती माणसं एकमेकांवर ओरडायला लागली. काका पुढे उतरत होते. ते थांबले, मागे वळले आणि म्हणाले, “ओरडा रे, ओरडा. आजी जाग्या आसत.”